लेहला निघालात? आधी बाटल्यांमधली हवा काढा

मे महिना लागला की घोडबंदर रोडपासून नौपाड्यापर्यंत ठाण्यातल्या प्रत्येक सोसायटीत एक तरी कुटुंब लडाखच्या तयारीत असतं. जाड जॅकेट कुठून घ्यायचं, डॉक्टरांनी कोणत्या गोळ्या दिल्या, ऑक्सिजनचा डबा लागतो का, यावर लिफ्टमध्येसुद्धा चर्चा चालते. शाम्पूच्या बाटलीबद्दल मात्र कोणी अवाक्षर काढत नाही. आणि लेहला खोलीवर पोहोचून बॅग उघडावी, तर आतले थर्मल सनस्क्रीनने माखलेले आणि लोणच्याचं तेल पार तळाच्या मोज्यांपर्यंत पोहोचलेलं. तिथे कपडे धुणं म्हणजे बर्फगार पाण्यात हात घालणं, तेही धाप लागत असताना. म्हणून ही तयारी घरूनच करून निघा. पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी क्रमाने सांगतो.

आधी कारण समजून घ्या

गळतीचा दोष आपण बाटलीला देतो, झाकणाला देतो. खरा खोडकरपणा बाटलीत अडकलेल्या हवेचा असतो. ठाणं जवळजवळ समुद्रसपाटीला आहे. इथे बाटलीचं झाकण लावलं की आत इथल्याच दाबाची हवा बंद होते. लेह शहर साधारण ३,५०० मीटरवर आहे आणि तिथे बाहेरच्या हवेचा दाब आपल्याकडच्या जेमतेम दोन तृतीयांश असतो. बाहेरून दाबणारा हात सैल पडला की आतली हवा पसरायला बघते. मोकळं फुगू दिलं, तर इथली १०० मिली हवा लेहला दीडशे मिलीच्या आसपास जागा मागते. ५,३५९ मीटरवरच्या खारदुंग ला खिंडीत दाब आपल्या निम्म्यापेक्षा जरासाच जास्त उरतो, म्हणजे तीच हवा जवळपास दुप्पट होऊ पाहते. ती जागा मिळवण्यासाठी हवा समोर येईल त्याला ढकलते. बाटली आडवी किंवा उलटी असेल, तर झाकणाशी शाम्पू असतो आणि तो बाहेर पडतो. बाटली उभी असेल, तर झाकणाशी हवाच असते आणि ती गुपचूप सुटून जाते.

एवढं डोक्यात बसलं की पुढचं सगळं आपोआप सुचतं. आत हवा कमी ठेवायची, आणि जी उरेल ती तोंडाशी राहील असं बघायचं.

विमानातही हेच होतं. प्रवासी विमानाच्या आतला दाब जास्तीत जास्त ८,००० फुटांवर, म्हणजे सुमारे २,४०० मीटरवर असतो तेवढा उतरू देतात. हा दाब ठाण्याच्या साधारण तीन चतुर्थांश भरतो. सामानाच्या कप्प्यात दाबच नसतो आणि तिथे बाटल्या फुटतात, असं बरेच जण ठासून सांगतात. ते खरं नाही. प्रवासी जेट विमानात खालचा कप्पाही तेवढ्याच दाबाखाली असतो. तिथे बाटल्या जास्त गळतात त्या बॅगा आडव्या-उलट्या फेकल्या जातात म्हणून.

लेहच्या विमानाची आणखी एक गंमत आहे. मुंबईला किंवा दिल्लीला उतरताना विमानातला दाब वाढत जातो. लेहचा विमानतळच ३,२५६ मीटरवर आहे, विमानात ठेवतात त्या पातळीपेक्षाही उंच. त्यामुळे तिथे उतरताना दाब उलट आणखी कमी होतो. उड्डाणात टिकलेली ट्यूब धावपट्टीवर गळली, तर नवल वाटून घेऊ नका.

पायरी १ : सगळं ताटात मांडा

बॅग भरण्याच्या दोन-तीन दिवस आधी सगळे पातळ, घट्ट आणि चिकट पदार्थ एका मोठ्या ताटात काढा. शाम्पू, फेसवॉश, सनस्क्रीन, टूथपेस्ट, खोबरेल तेल, हँड सॅनिटायझर, नाकाचा स्प्रे, डोळ्यांचे थेंब, लोणचं, तूप, कोकम आगळ, मुलाचं शाईचं पेन, सगळं. आता एकेक हातात घेऊन दाबून बघा. दाबली जाते ती मऊ बाटली किंवा ट्यूब, आणि तिच्यावर उपाय सोपा आहे. काचेची किंवा कडक प्लॅस्टिकची असेल तर ती फुगू शकत नाही, त्यामुळे सगळा ताण झाकणावर येतो. तिसरी जात पंप, रोल-ऑन, ड्रॉपर असल्या यंत्रणावाल्यांची. यांना तोंड म्हणून जे असतं ते मुळातच अर्धवट उघडं असतं आणि सर्वात जास्त घाण हीच मंडळी करतात.

शक्य असेल तिथे पातळ वस्तूच्या जागी घट्ट वस्तू घ्या. साबणाची वडी कधी गळत नाही. शाम्पूचे एक-दोन रुपयांचे सॅशे जांभळी नाक्यावर माळेने मिळतात, आठवड्याच्या सहलीला तेवढे पुरे. सॅशे फुगतात खरे, पण त्यांच्यात हवा थोडी असते. क्रीमची छोटी डबी ट्यूबपेक्षा बरी.

पायरी २ : घरच्या घरी चाचणी

ही पायरी लोक टाळतात आणि माझ्या मते सगळ्यात कामाची हीच आहे. ज्या बाटलीत शाम्पू भरणार आहात तीत निम्मं पाणी भरा, निम्मी हवा राहू द्या. झाकण न लावता तासभर फ्रिजमध्ये ठेवा. बाहेर काढल्या काढल्या झाकण घट्ट लावा, कोरडी पुसा, कोरड्या टिशू पेपरात गुंडाळा, वरून पिशवीत घालून गाठ मारा आणि अंघोळीला घेतो त्याहून कडक पाण्याच्या बादलीत उलटी धरून दहा-पंधरा मिनिटं बुडवून ठेवा. पाणी उकळतं नको, प्लॅस्टिकचा आकार बिघडेल.

आतली थंड हवा तापून पसरते, त्यात पाण्याची वाफ मिळते, आणि झाकणावर साधारण विमानात येतो तेवढा ताण येतो. टिशू ओला झाला तर ती बाटली प्रवासाची नाही. दुकानात ‘लीकप्रूफ’ लिहून विकलेल्या प्रवासी बाटल्यांचे संचही या चाचणीत नापास होताना दिसतात, आणि साध्या पाण्याच्या बाटलीचं आट्यांचं झाकण पास होतं. फ्लिप-टॉप, म्हणजे अंगठ्याने उघडायचं टोपण, हे आट्यांच्या झाकणापेक्षा नेहमी कच्चं. काचेची बाटली मात्र या चाचणीत घालू नका, थंडगरमात तडकेल.

ज्यांना प्रत्यक्ष उंचीवर बघायचं आहे त्यांनी एखाद्या रविवारी माथेरानला जावं. सुमारे ८०० मीटर उंचीला दाब आपल्याहून नऊ-दहा टक्के कमी होतो. वेफर्सचं पाकीट टम्म झालेलं तिथेच दिसतं. पायात बळ असेल तर १,६४६ मीटरचं कळसूबाई आहे. नापास व्हायची बाटली तिथे सॅकमध्येच नापास होते, आणि घर जवळ असतं.

पायरी ३ : भरायचं कसं

मऊ बाटली आणि ट्यूब : झाकण उघडून बाटली उभी धरा, पदार्थ अगदी तोंडाशी येईपर्यंत दाबा आणि दाबलेल्या स्थितीतच झाकण लावा. बाटली चेपलेली दिसेल. तशीच दिसायला हवी. वर गेल्यावर उरलीसुरली हवा पसरेल आणि बाटली पुन्हा बाळसं धरेल, पण झाकणावर ताण येणार नाही. टूथपेस्टचंही तेच. अर्धी वापरलेली ट्यूब शेपटाकडून गुंडाळत आणा आणि गुंडाळी सुटू नये म्हणून क्लिप लावा.

कडक बाटली : हिला चेपता येत नाही, म्हणून ती जवळजवळ पूर्ण भरा. हवा थोडी असली तरी झाकणावरचा दाब तेवढाच येतो, हे लक्षात ठेवा. फरक इतकाच की थोडी हवा थोडाच पदार्थ ढकलून शांत होते. अर्धी भरलेली बाटली अर्धी बॅग भिजवते. पण काठोकाठही नको. जूनमध्ये ठाण्यात टॅक्सीच्या डिकीत तापलेलं तेल स्वतःच पसरतं, म्हणून पेराएवढी जागा सोडा.

आता लोणच्याचं. लडाखला लोणचं नेऊ नका असं मराठी माणसाला सांगण्यात अर्थ नाही, तेव्हा नीट कसं न्यायचं ते सांगतो. बरणी घरी ठेवा. आट्यांचं झाकण असलेला रुंद तोंडाचा छोटा प्लॅस्टिकचा डबा घ्या. फोडी दाबून भरा म्हणजे मध्ये हवेचे खिसे राहणार नाहीत, वरचं सुटं तेल शक्य तितकं काढून टाका. तोंडावर जाड प्लॅस्टिकचा तुकडा ताणून त्यावर झाकण फिरवा. नुकतं घातलेलं, अजून फसफसणारं लोणचं मुळीच नेऊ नका. ते स्वतःच वायू तयार करतं आणि मग वरचं सगळं गणित कोलमडतं. याच कारणाने आंबवलेलं पीठही नको. लोणचं चेक-इन बॅगेतच टाका, हातातल्या बॅगेतून तपासणीत काढून घेतात. आणि सुक्या खोबऱ्याची वाटी तर कुठल्याच बॅगेत ठेवू नका. तेलामुळे ते पेट घेऊ शकतं म्हणून विमान कंपन्या चालू देत नाहीत. रस्त्याने जाणाऱ्यांना ही अडचण नाही.

खोबरेल तेल आणि तूप यांना मी रुंद तोंडाची डबीच सुचवेन. खोबरेल २४ अंशांच्या खाली गोठतं. ठाण्यात डुचमळणारं तेल लेहच्या सकाळी पांढरं दगड होतं आणि निमुळत्या मानेच्या बाटलीतून काडी घालूनसुद्धा निघत नाही.

पायरी ४ : तोंड बंद करणं

झाकण काढून तोंडावर क्लिंग फिल्मचा दुहेरी तुकडा ठेवा आणि वरून झाकण फिरवा. आटे आधी कोरडे पुसा. आट्यात शाम्पू अडकला असेल तर झाकण बसल्यासारखं वाटतं पण बसलेलं नसतं. बाहेरून सेलोटेप गुंडाळतात त्याचा उपयोग झाकण सैल होऊ न देण्यापुरता. दाबाला टेप अडवत नाही आणि तेल लागलं की सुटतेच.

पंपाच्या बाटल्या लॉक करा, नाहीतर पंप काढून साधं टोपण लावा. पंपाची नळी तळापर्यंत गेलेली असते, म्हणून बाटली उभी असली तरी वरची हवा पदार्थाला नळीतून वर चढवते. उभं ठेवायचा नियम इथे लागू पडत नाही. सिपर किंवा स्ट्रॉवाल्या पाण्याच्या बाटलीचंही तसंच, तिच्याकडे पुढे येतो. रोल-ऑन डिओडरंटची गोळी आतल्या दाबाने उचलली जाते. ते नेऊच नका, कांडीचं घ्या.

शाईचं पेन न्यायचंच असेल तर एक तर पूर्ण भरून न्या, नाहीतर पूर्ण रिकामं. अर्धं भरलेलं पेन म्हणजे खिशावर निळा नकाशा. निब वर ठेवा.

पायरी ५ : बॅगेत जागा

प्रत्येक बाटली वेगळ्या झिपच्या पिशवीत, आणि पिशवीतली हवाही दाबून काढलेली. वर चढल्यावर हवेने भरलेली पिशवी फुगून तिची झिप उघडते, हे कोणाच्या ध्यानात येत नाही. एकाच मोठ्या पिशवीत सगळं कोंबू नका. एक गळली की बाकीच्या सगळ्या चिकट होतात. पिशवीत एक जुनं सुती फडकं टाका. ते गळलेलं शोषतं आणि लेहला झाकण उघडतानाही हाताशी येतं.

पिशव्या एका कडक डब्यात उभ्या बसवा. आमच्याकडे आइसक्रीमचा रिकामा डबा यासाठी राखून ठेवलेला असतो. कपड्यांच्या मधोमध ठेवू नका, बॅगेच्या कडेला ठेवा.

हातातल्या बॅगेत आंतरराष्ट्रीय प्रवासात १०० मिलीपेक्षा मोठी बाटली चालत नाही. देशातल्या प्रवासातही तपासणी करणारे सांगतील ते शेवटचं, आणि लेहहून परतताना तपासणी चांगलीच कडक असते. वाद घालायला तिथे दमही नसतो.

पायरी ६ : विमानात आणि गाडीत

स्ट्रॉवाली बाटली विमानात उघडणार असाल तर आधी मोठं झाकण थोडं सैल करा, फुस्स आवाज येऊ द्या, मग स्ट्रॉ उचला. उलट केलंत तर पाण्याची चिळकांडी सरळ पुढच्या रांगेतल्या काकांच्या टकलावर जाते. लहान मुलांच्या बाटल्या आपण उघडून द्याव्यात. चहाच्या थर्मासलाही हाच नियम, फक्त तिथे भाजण्याचा धोका आहे.

मनालीमार्गे किंवा श्रीनगरमार्गे रस्त्याने जाणाऱ्यांचं काम सोपं आहे. मनाली सुमारे २,०५० मीटरवर आहे, तिथून चढ टप्प्याटप्प्याने होतो. प्रत्येक मुक्कामी डबा उघडून प्रत्येक झाकण एकदा सैल करून पुन्हा लावलं की आतला-बाहेरचा दाब सारखा होतो. विमानाने येणाऱ्याला ही सोय नसते, सगळा फरक एकदमच अंगावर येतो. त्याच्या स्वतःच्याही, म्हणून पहिले दोन दिवस लेहमध्ये स्वस्थ पडून राहायचं.

पायरी ७ : लेहला पोहोचल्यावर

बॅग उघडायची घाई नको, आधी गरम पाणी प्या, पडा. मग एकेक बाटली बाथरूममध्ये न्या, तोंड वर करून मिनिटभर उभी ठेवा म्हणजे पदार्थ खाली बसेल, तोंडावर फडकं धरा आणि झाकण अगदी सावकाश फिरवा. हवा सुटल्याचा आवाज थांबेपर्यंत पुढे जायचं नाही. टूथपेस्टचं टोपण उघडताना ट्यूब मुठीत घट्ट धरायची सवय असते, ती त्या दिवसापुरती सोडा.

एकदा हवा सोडली की पुन्हा चेपून बंद करा, कारण खेळ संपलेला नाही. खारदुंग ला, चांग ला अशा खिंडी ओलांडून नुब्राला किंवा पँगाँगला जाताना पुन्हा दीड-दोन हजार मीटरचा चढ आहे. त्या दिवसासाठी लागेल तेवढीच सनस्क्रीन छोट्या डबीत काढून घ्या, बाकी सामान लेहच्या हॉटेलात ठेवा. वेफर्सची पाकिटं खिंडीत फटाक्यासारखी फुटू शकतात. त्याऐवजी चिवडा-शेंगदाणे साध्या पिशवीत नेलेले बरे. पँगाँगच्या काठी रात्री पाणी गोठेल इतकी थंडी असेल तर पाण्याची बाटली काठोकाठ भरून बाहेर ठेवू नका. बर्फ पाण्यापेक्षा सुमारे नऊ टक्के जास्त जागा घेतं आणि त्याला झाकण काय, बाटलीही अडवू शकत नाही.

औषधं वेगळी काढा

डोळ्यांच्या थेंबांची कुपी आणि नाकाचा स्प्रे उघडल्यावर पहिला थेंब-फवारा बेसिनमध्ये जाऊ द्या, कारण आतल्या दाबाने तो नेहमीपेक्षा जास्त येतो. इन्सुलिनचं पेन वापरणाऱ्यांनी सुई लावून ठेवू नये. सुईवाटे औषध बाहेर येतं आणि हवा आत शिरते, मग मात्रा चुकते. इन्सुलिन हातातल्या बॅगेतच न्या आणि लडाखच्या रात्रीत गोठू देऊ नका. एकदा गोठलेलं इन्सुलिन वितळलं तरी वापरायचं नसतं. इन्सुलिन पंप असेल तर दाब बदलताना त्यात बुडबुडे होऊन मात्रा कमी-जास्त होऊ शकते, त्यामुळे निघण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांशी बोलणं भागच आहे.

ई-सिगारेटबद्दल

तरुण मंडळी हळूच विचारतात म्हणून लिहितो. ई-सिगारेटची टाकी उंचीवर गळते त्यामागे वरचंच कारण आहे. टाकीत द्रवाच्या वर हवेचा बुडबुडा असतो. दाब उतरला की तो पसरतो आणि द्रवाला वातीतून हवेच्या नळीत ढकलतो. टाकी जितकी रिकामी, तितका बुडबुडा मोठा आणि गळती जास्त. पण आपल्याकडे टाकी कशी भरावी हा प्रश्नच येत नाही. २०१९ च्या कायद्याने भारतात ई-सिगारेटचं उत्पादन, आयात, निर्यात, वाहतूक, विक्री, साठवणूक आणि जाहिरात या सगळ्यांवर बंदी आहे. साठवणूक सोडून यातल्या बाकी कशाच्याही पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. परदेशातून येणाऱ्या भाच्याला फोन करून सांगा, ती तिकडेच ठेवून ये. शिवाय जिथे जिना चढतानाही छाती भरून येते तिथे फुफ्फुसांना आणखी काम कशाला?

परतताना

येताना सगळं उलटं होतं. लेहच्या विरळ हवेत बंद केलेली बाटली ठाण्यात पोहोचेपर्यंत आत चेपून जाते. ती खराब झाली असं समजून टाकून देऊ नका, झाकण उघडलं की सरळ होते. गळण्याचा धोका या बाजूला कमी आहे, कारण बाहेरची हवाच झाकण आत दाबून धरते. फक्त इथे येऊन बाटल्या लगेच उघडून हवा आत घ्या. नाहीतर कच्च्या झाकणाच्या बाटल्या पिशवीत सांडलेला चिकटा हळूहळू आत ओढतात.

तिथून आणलेल्या जर्दाळूच्या जॅमच्या काचेच्या बाटलीचं झाकण घरी आल्यावर काही केल्या फिरत नाही. लेहमध्ये भरलेली असेल तर आतला दाब कमी असल्यामुळे बाहेरची हवा त्यावर बसलेली असते. गरम पाणी, रबराचे हातमोजे, शेजारचे पैलवान हे सगळं नंतर. चमच्याचं टोक झाकणाच्या कडेखाली घालून जरा उचकटा. टक् आवाज आला की हवा आत गेली, मग दोन बोटांनीही उघडेल.